साठ तासांचा बूट

मराठीत बूट चावतो. कोल्हापुरी चप्पल तर हमखास चावते. मग तिला रात्रभर तेल पाजायचं, चार दिवस घरातल्या घरात फिरायचं, अंगठ्याला चिकटपट्टी लावायची, आणि पाचव्या दिवशी ती पायाची होते. टेनिसच्या बुटाचं नेमकं उलटं आहे. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर तो कधीच चावत नाही. चार पावलं टाकली की गादीसारखा मऊ लागतो, आरशात छान दिसतो आणि दहा-बारा हजारांचं बिल फारसं टोचत नाही. त्याचं खरं रूप कळतं दोन महिन्यांनी, उलटा करून तळ पाहिला की.

तळ पाहायचाच तर बंगळुरू सोयीचं गाव आहे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर असल्यामुळे इथे एप्रिलच्या सकाळीही खेळता येतं. तासाच्या भाड्याने मिळणारी कोर्टं सर्जापूर रोडपासून व्हाइटफील्डपर्यंत पसरली आहेत. डेकॅथलॉनने भारतातलं पहिलं दुकान 2009मध्ये याच सर्जापूर रोडवर उघडलं, आणि पुमाचं भारतातलं मुख्य कार्यालयही याच शहरात आहे. एकेकाळी शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालेल्या या गावात आज पुण्या-नागपूरहून आलेली मराठी मंडळी सकाळी सहाला बॅग खांद्याला लावून कोर्टावर हजर असतात आणि नऊला लॅपटॉपसमोर. त्यांच्या गप्पांत रॅकेटची तार जितक्या वेळा येते, तितक्याच वेळा बूटही येतो. ‘सोल गेला’ हे वाक्य तिथे एखाद्या आजोळच्या नातेवाइकाबद्दल बोलावं तशा सुरात म्हटलं जातं.

सोल जातो याचं कारण कोर्टातच आहे. कब्बन पार्कातल्या कर्नाटक राज्य लॉन टेनिस संघटनेच्या कोर्टांवर 2008मध्ये सेरेना विल्यम्सने डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकली. इथल्याच चॅलेंजर स्पर्धेत 2017मध्ये सुमित नागल आणि 2018मध्ये प्रज्ञेश गुणेश्वरन विजेते ठरले. ही हार्ड कोर्टं. नावात ‘हार्ड’ असलं तरी पायाला लागणारा थर काँक्रीटचा नसतो. खाली डांबर किंवा काँक्रीट, आणि त्यावर ॲक्रिलिक रंगाचे थर. त्या रंगात बारीक सिलिका वाळू मिसळलेली असते. वाळू जास्त आणि भरड असली तर कोर्ट संथ. कमी आणि बारीक असली तर चेंडू निसटतो. ज्या वाळूमुळे चेंडू अडतो, तीच बुटाचं रबर खाते. थोडक्यात, खेळाडू दोन तास निळ्या-हिरव्या पॉलिश पेपरवर धावत असतो.

कारखान्यातली चाचणीही याच तत्त्वावर चालते. आयएसओ 4649 या मानकानुसार 16 मिलिमीटर व्यासाचा रबराचा तुकडा पॉलिश पेपर गुंडाळलेल्या फिरत्या ड्रमवर दाबून धरतात, ठरावीक भार देतात, 40 मीटर घासू देतात आणि किती घन मिलिमीटर रबर उडालं ते काढतात. आकडा जितका लहान, तितकं रबर चिवट. पण ड्रम एका दिशेने फिरतो. माणूस तसा खेळत नाही. तो धावतो, करकचून थांबतो, आडवा घसरतो, चवड्यावर गर्रकन वळतो. म्हणून प्रयोगशाळेतला आकडा आणि खेळून झाल्यावरचा तळ यांचं जमेलच असं नाही.

उजव्या हाताने खेळणाऱ्याची वापरलेली जोडी उलटी करून शेजारी शेजारी ठेवली तर हे दोन बूट एकाच माणसाचे आहेत यावर विश्वास बसत नाही. उजव्याचं नाक अंगठ्याच्या आतल्या बाजूला खरवडलेलं असतं. सर्व्हिस करताना मागचा पाय पुढे ओढून घ्यायची सवय असली की ते टोक दर सर्व्हिसला कोर्टावरून फरफटतं. आधी रबर जातं, मग त्यावरची प्लास्टिकची टोपी, आणि शेवटी मोज्याचा रंग दिसू लागतो. डाव्याला चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी, आठ आण्याएवढं टक्कल पडलेलं असतं. सर्व्हिसचा सगळा भार घेऊन तो पाय उतरतो आणि तिथेच गिरकी घेतो. शेजारच्या खोबणी मात्र नव्यासारख्या. टाचेची बाहेरची कड थोडी झिजते, ती जवळपास सगळ्यांचीच झिजते. त्यावरून स्वतःच्या चालण्याचं निदान करत बसू नये.

त्या खोबणींनाही अर्थ आहे. नागमोडी, माशाच्या काट्यासारख्या नक्षीला इंग्रजीत हेरिंग माशाच्याच काट्यांवरून नाव पडलंय. मातीच्या कोर्टासाठी ही नक्षी सलग आणि खोल असते, कारण माती तिच्यात अडकून पुन्हा सुटायला हवी. मातीवरचे खेळाडू दर दोन गुणांमागे रॅकेटने बुटाचा तळ ठोकताना दिसतात, ते त्यासाठीच. हार्ड कोर्टाच्या बुटात नक्षी उथळ, मध्येच तोडलेली, आणि चवड्याखाली जाड रबराचा सपाट पट्टा. गवतासाठी बारीक गुठळ्या. पुण्यातल्या एखाद्या जिमखान्यात मातीवर खेळलेला माणूस बदली होऊन बंगळुरूला आला आणि तोच बूट घालून हार्ड कोर्टावर उतरला, की त्याची खोल नक्षी आठवडाभरातच सपाट होऊ लागते. तो बुटाच्या कंपनीला शिव्या घालतो. कंपनीची यात काहीच चूक नसते.

पकड जितकी जास्त तितकी चांगली, हाही एक गैरसमज. 1949मध्ये कोबे शहरात ओनित्सुका किहाचिरो यांनी सुरू केलेल्या कंपनीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. तीच कंपनी आज ॲसिक्स नावाने ओळखली जाते. जेवणात ऑक्टोपसची कोशिंबीर आली. त्याच्या सोंडेवरच्या चूषकांकडे पाहून ओनित्सुकांना बास्केटबॉलच्या बुटाचा तळ सुचला. पहिला नमुना जमिनीला इतका चिकटला की थांबताना खेळाडू पुढे कोलमडले. मग वाट्या उथळ केल्या. टेनिसमध्येही बूट किंचित सरकला पाहिजे. तो जागच्या जागी रुतला तर सगळा झटका घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो.

बुटाने इथवर यायला दीडशेहून जास्त वर्षं घेतली. चार्ल्स गुडइयरला 1839मध्ये गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ होतं हे सापडलं, आणि त्यानंतरच कापडाला रबराचा तळ जोडणं व्यवहार्य झालं. इंग्लंडात त्या कापडी बुटांना प्लिमसोल म्हणू लागले. भारतात बाटाने कोलकात्याजवळच्या बाटानगरात 1936च्या सुमारास पांढरा ‘टेनिस’ बूट काढला. तो घालून टेनिस खेळलेली माणसं थोडी, आणि पीटीच्या तासाला रांगेत उभी राहिलेली पोरं अगणित. शुक्रवारी रात्री तो ओल्या खडूने पांढरा करून खिडकीत ठेवणं हा महाराष्ट्रातल्या कित्येक घरांतला ठरलेला कार्यक्रम होता. त्या बुटाला मधला फेस नव्हता, आधार नव्हता, तळ सपाट. तरी मातीवर तो बरा चालायचा, कारण माती स्वतःच पायाखाली दबते.

चामड्याचा टेनिस बूट नावारूपाला आणला आदिदासने. 1960च्या दशकात तो फ्रान्सच्या रॉबर्ट हाइएच्या नावाने निघाला. 1970च्या दशकात त्यावर अमेरिकेच्या स्टॅन स्मिथचं नाव आणि चेहरा आला. आज तो बूट घालून कोणी टेनिस खेळत नाही. कोरमंगलाच्या कॉफीच्या दुकानात मात्र दर चौथ्या टेबलाखाली सापडेल. 1972चे विम्बल्डन विजेते असूनही स्मिथ अनेकांना माणूस म्हणून माहीतच नाहीत, आणि त्यांनी त्यावर विनोद करत अख्खं पुस्तक काढलं. तळाकडे कोणी बघत नाही म्हणावं, तर 2013मध्ये विम्बल्डनला रॉजर फेडररचे नारिंगी तळाचे बूट आयोजकांच्या डोळ्यांत खुपले आणि पुढच्या सामन्यात बदलायला सांगितले गेले.

माती पायाखाली दबते; हार्ड कोर्टावर ते दबण्याचं काम बुटालाच करावं लागतं. रबर आणि पाय यांच्यामध्ये ईव्हीए नावाचा फेस असतो: असंख्य बंद बुडबुड्यांचा स्पंज. प्रत्येक उडीला बुडबुडे चेपतात, मग पुन्हा फुगतात. हळूहळू काही फुगेनासे होतात. खेळाडूंमध्ये 45 ते 60 तासांचा ठोकताळा चालतो: तेवढं खेळलं की बाहेरून धडधाकट दिसणारा बूटही आतून बसलेला असतो. आठवड्याला तीनदा दोन तास खेळणाऱ्याचे साठ तास दहा आठवड्यांत भरतात. वजन, पाय टाकण्याची ढब, कोर्ट यांनुसार आकडा मागेपुढे होतो, पण लोक बूट बदलतात ते साधारण सोल फाटल्यावर, फेस बसल्यावर नाही. गुडघा आधी बोलतो. माणूस वयाला दोष देतो.

गुडघ्यांचा विषय निघाला की बंगळुरूत रोहन बोपण्णाचं नाव येतंच. कोडगूच्या या दुहेरीच्या खेळाडूने गुडघ्यातली कूर्चा झिजल्याचं आणि अय्यंगार योगाने तारल्याचं जाहीरपणे सांगितलंय. या योगपद्धतीचे जनक अय्यंगार कर्नाटकातल्या बेल्लूरचे, पण आयुष्यभर शिकवलं पुण्यात. 2023च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत बोपण्णाने महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं आणि जानेवारी 2024मध्ये, 43व्या वर्षी, मॅथ्यू एबडनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपनचं दुहेरीचं विजेतेपद. व्यावसायिकाला नवी जोडी हवी तेव्हा मिळते, हौशी खेळाडूला नाही, हा फरक विसरून त्याच्या पायातला बूट विकत घेण्यात अर्थ नाही.

हौशी खेळाडूची सगळ्यात महाग चूक वेगळीच असते: धावण्याच्या बुटात टेनिस. धावण्याचा बूट सरळ रेषेसाठी बनतो. टाच उंच, फेस मऊ, बाजू जाळीच्या. आडवं थांबताना पाय त्या फेसावरून कलंडतो आणि घोटा मुरगळतो. टेनिसच्या बुटाची टाच बुटकी, तळ रुंद, बाहेरच्या कडेला रबर वर चढलेलं, म्हणून तो जड लागतो; एक बूट साधारण तीनशे ते चारशे ग्रॅम. दुकानात ओला पंचा पिळतात तसा तो पिळून पाहावा. मधोमध सहज पीळ बसला तर ठेवून द्यावा. वाकवला तर चवड्यापाशी वाकला पाहिजे, मध्यावर नाही. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय सुजतात, आणि खेळताना घालायचे तेच जाड मोजे घालून करावी. पंधरा दिवसांनी आतली गादी काढून उजेडात धरावी. अंगठ्याचा काळपट ठसा पार टोकाला गेलेला दिसला तर बूट आखूड आहे, आणि काही दिवसांत नख काळं पडेल. डॉक्टरांच्या भाषेत त्याला ‘टेनिस टो’ असं नावही आहे.

सहा महिन्यांची हमी हा आणखी एक मोहाचा विषय. आदिदासच्या बॅरिकेडसारख्या बुटांमुळे ती गाजली. हमी असते ती फक्त तळाच्या रबराची: आरपार भोक पडलं तर नवी जोडी. बसलेला फेस, फाटलेली जाळी, उसवलेली जीभ यांना ती लागू नाही, आणि अटी देशागणिक बदलतात. बिल जपून ठेवणारे लोक या योजनेत जिंकतात. बाकीचे फूटपाथवर बसणाऱ्या कारागिराकडे जातात; तो टायरच्या जातीचं रबर कापून नाकाला चिकटवून देतो, आणि ती ठिगळवाली जोडी आणखी महिनाभर तग धरते. कोर्टावर काळे पट्टे उठले म्हणून चौकीदार ओरडतो, ते वेगळं.

राहिला पाऊस. सप्टेंबर 2014मध्ये कब्बन पार्कात सर्बियाविरुद्ध डेव्हिस कप सामना झाला. लिएंडर पेस आणि बोपण्णा दोन सेट गमावून 1-6, 6-7, 6-3, 6-3, 8-6 असे जिंकले. मग सोमदेव देववर्मनने पाच सेटमध्ये बरोबरी साधली. निर्णायक सामन्यात युकी भांब्री खेळत असताना पाऊस आला आणि खेळ सोमवारवर गेला. भारत 2-3 हरला. ॲक्रिलिकवर पाण्याचा पातळ पापुद्रा साठला की वाळूचे दाणे पकडायला काही उरत नाही, आणि जगातला कुठलाही तळ घसरतो. ऐन दिवाळीतही बंगळुरूत हेच. परतीचा पाऊस संध्याकाळी बरसतो, पोरं रबरी वायपरने पाणी ढकलतात आणि खेळाडूंचे बूट घोट्यापर्यंत भिजतात.

भिजलेली जोडी उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली ठेवू नये. फेस आणि सोल जोडणारा गोंद उष्णतेने सुटतो. नाड्या सैल करायच्या, गादी बाहेर काढायची, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे आणि पंख्याखाली ठेवायचं. दोन जोड्या आलटूनपालटून वापरल्या तर दोन्हींना वाळायला वेळ मिळतो. वास जात नाही. ऑक्टोबर 2021मध्ये इंडियन वेल्सला अँडी मरेचे बूट घामाने इतका वास मारत होते की त्याने ते रात्री गाडीखाली ठेवले. नाडीला लग्नाची अंगठी बांधलेली, कारण तो खेळताना ती तिथेच अडकवायचा. सकाळी बूट गायब. मरेने व्हिडिओ टाकून लोकांना हाक घातली, आणि काही दिवसांनी दोन्ही परत मिळालं. अंगठी सुखरूप होती, घरी शांतता होती. बूट मात्र अजूनही घाण मारतात, असं त्याने स्वतःच सांगितलं.