सुरुंगरोधक वाहन : प्रकारओळख आणि प्रतिकृतीनिर्मिती

सुरुंगरोधक वाहन हे जमिनीत पुरलेल्या स्फोटकांपासून आतील प्रवाशांचे रक्षण करण्यासाठी बांधलेले चाकांचे चिलखती सैनिकवाहक वाहन आहे. भारतात ते ‘माइन प्रोटेक्टेड व्हेइकल’ किंवा संक्षेपाने ‘एमपीव्ही’ या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्रात त्याचा संबंध प्रामुख्याने गडचिरोली आणि चंद्रपूर या वनजिल्ह्यांतील नक्षलविरोधी मोहिमांशी येतो. ‘एमपीव्ही’ हे एका विशिष्ट वाहनाचे नाव नसून एका वर्गाचे नाव आहे. या वर्गात वेगवेगळ्या देशांत आणि कारखान्यांत तयार झालेली, बाहेरून एकमेकांसारखी दिसणारी अनेक वाहने मोडतात. त्यामुळे वृत्तछायाचित्रांवरून प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करताना वाहनाचा नेमका प्रकार ओळखणे ही पहिली पायरी ठरते.

पार्श्वभूमी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याचे सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्र वनक्षेत्र म्हणून नोंदलेले आहे. पूर्वेस छत्तीसगड आणि दक्षिणेस तेलंगणाची सीमा, मोजके रस्ते, नद्यानाले आणि त्यांवरील लहान पूल अशी येथील भूरचना आहे. नक्षलवादी चळवळीचा प्रतिकार करण्यासाठी १९९० मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांच्या कार्यकाळात ‘सी-६०’ हे विशेष पथक स्थापन झाले. पुढे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तुकड्याही जिल्ह्यात तैनात करण्यात आल्या.

या संघर्षात रस्त्याखाली पेरलेले सुरुंग हे नक्षलवाद्यांचे प्रमुख शस्त्र राहिले. २७ मार्च २०१२ रोजी धानोरा तालुक्यातील पुस्टोला गावाजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाची बस उडवण्यात आली आणि १२ जवान मृत्युमुखी पडले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेडा येथे शीघ्र कृती दलाचे १५ पोलीस आणि वाहनाचा चालक अशा १६ जणांचा स्फोटात मृत्यू झाला. ते खासगी वाहनातून जात होते. या दोन्ही घटनांतील वाहने सुरुंगरोधक नव्हती. मे २०१७ मध्ये भामरागड तालुक्यात मात्र प्रत्यक्ष सुरुंगरोधक वाहनच स्फोटात सापडले होते.

रचनेचे तत्त्व

सामान्य ट्रकचा तळ सपाट असतो. खाली स्फोट झाल्यास त्याचा दाब या सपाट पृष्ठभागावर एकवटतो आणि वाहनाचा तळ फाटतो. सुरुंगरोधक वाहनाचे धड खालच्या बाजूस इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे निमुळते असते. स्फोटाचा दाब या उतरत्या पोलादी भिंतींवरून दोन्ही बाजूंना वळवला जातो. अंतर वाढते तसा दाब झपाट्याने कमी होतो, म्हणून धड जमिनीपासून उंच ठेवलेले असते. चाके आणि आस धडाबाहेर असल्यामुळे स्फोटात ते तुटून पडतात, परंतु प्रवाशांची पोलादी पेटी शक्यतो अखंड राहते.

या रचनेचे तोटेही आहेत. उंचीमुळे गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर वाहन उलटण्याचा धोका वाढतो. स्फोट रचनेच्या मर्यादेपलीकडचा असेल, तर पेटी न फुटताही वाहन हवेत उडते आणि आपटून प्रवासी दगावतात. म्हणूनच या वाहनांतील प्रत्येक आसनाला पट्टे असतात. ३ सप्टेंबर २००५ रोजी छत्तीसगडमधील विजापूर भागात सुरुंगरोधक वाहन उडवले गेले, तेव्हा २४ जण मृत्युमुखी पडले. जानेवारी २०१२ मध्ये झारखंडच्या गढवा जिल्ह्यातील अशाच घटनेत १३ पोलिसांचा मृत्यू झाला. त्यानंतर या वाहनांच्या उपयुक्ततेविषयी सुरक्षा दलांतूनच जाहीर शंका व्यक्त झाल्या आणि पायी गस्तीवरचा भर वाढला.

प्रमुख प्रकार

कॅस्पिर : हे दक्षिण आफ्रिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेले वाहन आहे. दक्षिण आफ्रिकी पोलीस (एसएपी) आणि तेथील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) या दोन संस्थांच्या आद्याक्षरांची अदलाबदल करून हे नाव तयार झाले. त्याआधीची ‘हिप्पो’सारखी वाहने ट्रकच्या सांगाड्यावर कवच चढवून बनवलेली होती. कॅस्पिरमध्ये व्ही आकाराचे धड हाच वाहनाचा मुख्य सांगाडा आहे. इंजिन पुढे नाकासारखे निघालेले, त्यामागे चालक व सहचालक, त्यामागे १२ जणांची बैठक आणि मागच्या बाजूस दारे अशी त्याची मांडणी आहे. आस दोन असून चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळते. चाकाखाली सुमारे २१ किलो आणि धडाखाली सुमारे १४ किलो टीएनटी इतका स्फोट सहन करण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. वर्णभेदी राजवटीत कृष्णवर्णीय वस्त्यांमधील बळाच्या वापराचे प्रतीक म्हणूनही हे वाहन स्मरणात आहे. ‘ब्लेसबोक’ हे मालवाहू, ‘डुइकर’ हे इंधनवाहू आणि ‘गेम्सबोक’ हे निकामी वाहने ओढून नेणारे कॅस्पिरचे उपप्रकार आहेत. भारतीय लष्कराने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कॅस्पिर आयात केले.

आदित्य : हे कॅस्पिर मार्क २ या वाहनावर आधारित, सुधारित भारतीय वाहन आहे. त्याचे उत्पादन तेलंगणातील मेदक आयुध निर्माणीत झाले. ही निर्माणी १ ऑक्टोबर २०२१ पासून आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. पुढे आलेले इंजिन, उंच धड आणि दोन आस ही मूळ वाहनाची मांडणी आदित्यमध्ये कायम आहे. त्यामुळे वृत्तांत ‘कॅस्पिर’ आणि ‘आदित्य’ ही नावे अनेकदा एकमेकांऐवजी वापरली जातात.

एमपीव्ही-आय : महिंद्रा आणि बीएई सिस्टिम्स यांच्या संयुक्त कंपनीने दक्षिण आफ्रिकेच्या आरजी-३१ या वाहनाच्या आधारे हे वाहन तयार केले. मूळ आरजी-३१ दोन आसांचे आहे, तर एमपीव्ही-आय तीन आसांचे म्हणजे सहा चाकांचे आहे. बाजूने घेतलेल्या छायाचित्रात केवळ चाके मोजूनही हा फरक निश्चित करता येतो.

बफेल : हे कॅस्पिरचे समकालीन दक्षिण आफ्रिकी लष्करी वाहन आहे. याचे धडही व्ही आकाराचे असते. परंतु चालकाची कोठडी पुढे डाव्या बाजूस स्वतंत्र असते, तिच्या उजवीकडे इंजिन असते आणि सैनिकांची बैठक वरून उघडी असते. श्रीलंकेने याच्या आधारे ‘युनिकॉर्न’ हे वाहन तयार केले.

सुरुंगरोधक नसलेली चिलखती वाहने : महिंद्राचे ‘मार्क्समन’ (२००९) हे हलके चिलखती वाहन मुख्यतः बंदुकीच्या गोळ्यांपासून संरक्षणासाठी आहे. ते शहरी कारवाईसाठी असून त्याची उंची आणि तळ सुरुंगरोधक वाहनासारखे नाहीत. मेदक निर्माणीतच तयार होणारे ‘सारथ’ हे बीएमपी-२ या सोव्हिएत वाहनाचे परवान्याने बनवलेले रूप आहे. ते पट्ट्यांवर चालते, त्यावर ३० मिमी तोफेचा बुरूज असतो आणि ते लष्कराच्या यांत्रिकी पायदळात वापरले जाते. त्यामुळे ‘मेदकमध्ये बनलेले चिलखती वाहन’ एवढ्या वर्णनावरून प्रकार ठरत नाही.

छायाचित्रावरून ओळख

वाहन ओळखताना बदलण्यास कठीण असलेल्या गोष्टींकडून सहज बदलणाऱ्या गोष्टींकडे जाणे सोयीचे ठरते. पुढील क्रम त्यासाठी उपयुक्त आहे.

१. चाके की पट्टे, आणि आस किती. या एका निरीक्षणाने सारथ आणि एमपीव्ही-आय वेगळे होतात.

२. इंजिनाची जागा. ते चालकाच्या पुढे असल्यास कॅस्पिर, आदित्य किंवा आरजी-३१ या कुळातील वाहन संभवते. चालकाच्या शेजारी असल्यास बफेल.

३. धडाचा तळ. पुढून किंवा मागून घेतलेल्या छायाचित्रात चाकांच्या मधोमध निमुळता तळ दिसतो. तेथे सपाट तळ किंवा ट्रकचा सांगाडा दिसल्यास वाहन केवळ गोळीरोधक असण्याची शक्यता अधिक.

४. काचा आणि गोळीबाराची छिद्रे. बाजूच्या काचांची संख्या, त्यांमधील पोलादी पट्ट्यांची रुंदी आणि छिद्रांची जागा मोजून घ्यावी लागते. कॅस्पिर आणि आदित्य यांची तुलना करताना हा भाग, इंजिनावरील झाकणाची जाळी, दिव्यांची जागा आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्या यांवर भर द्यावा लागतो.

५. सुटे भाग. आरसे, शिडी, जादा चाक, छतावरील बंदुकीचा आधार, दिव्यांवरील जाळी हे भाग स्थानिक कार्यशाळेतही बदलले जातात. त्यांवरून एखादे विशिष्ट वाहन ओळखता येते, प्रकार नव्हे.

रंग हा सर्वांत दुबळा पुरावा आहे. एकच वाहन वेगवेगळ्या दलांकडे वेगवेगळ्या रंगांत आढळते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरुंग काढण्याच्या कामातील कॅस्पिर पांढरे असतात. चालकाचे आसन उजवीकडे असणे हाही भारतीय बनावटीचा पुरावा ठरत नाही, कारण दक्षिण आफ्रिकेतही वाहतूक डाव्या बाजूनेच चालते.

प्रतिकृतीची मापे

चिलखती वाहनांच्या प्रतिकृतींसाठी १:३५ आणि १:७२ ही प्रमाणे अधिक प्रचलित आहेत. कॅस्पिरची अंदाजे मापे या प्रमाणांत पुढीलप्रमाणे येतात.

लांबी ६.९ मीटर : १:३५ मध्ये १९७ मिमी, १:७२ मध्ये ९६ मिमी.
रुंदी २.४५ मीटर : ७० मिमी आणि ३४ मिमी.
उंची २.८५ मीटर : ८१ मिमी आणि ४० मिमी.
जमिनीपासून तळाचे अंतर ४१ सेंमी : सुमारे १२ मिमी आणि ६ मिमी.

यांतील शेवटचे माप सर्वांत महत्त्वाचे आहे. तळ दोन-तीन मिलिमीटरने खाली आला, तरी १:३५ प्रमाणात प्रत्यक्षातील ७ ते १० सेंटिमीटरची चूक होते आणि वाहनाची ओळख असलेली उंच ठेवण हरवते. तयार संचांतही प्रकार तपासावा लागतो. कायनेटिक कंपनीचा १:३५ प्रमाणातील आरजी-३१ मार्क ३ चा संच दोन आसांच्या वाहनाचा आहे. त्यावरून एमपीव्ही-आय बनवायचे झाल्यास केवळ रंग बदलून भागत नाही. धडाची लांबी आणि तिसरा आस नव्याने करावा लागतो.

परिसराचे चित्रण

वाहनावरील धूळ आणि चिखल हे स्थळाशी जुळणारे असावेत. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेस, भद्रावती–वरोरा भागात, काळी माती आहे, तर घुग्घुस आणि बल्लारपूरच्या खाणपट्ट्यात कोळशाची काळपट धूळ दिसते. गडचिरोलीच्या कच्च्या रस्त्यांवर तांबूस मुरूम असतो आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या परिसरात लोहखनिजाची गडद लाल धूळ आढळते. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुरामुळे पावसाळ्यात रस्ता बंद होतो, त्यामुळे त्या काळातील दृश्यात ओला चिखल चाकांच्या वरपर्यंत दाखवणे वास्तवाला धरून होईल. आलापल्लीचे जंगल सागासाठी प्रसिद्ध आहे. सागाचे पान सुमारे ३० ते ५० सेंमी लांब असते, म्हणजे १:३५ प्रमाणात ते ९ ते १४ मिमी भरते. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो आणि जमिनीवर वाळलेल्या पानांचा थर साचतो. बांबूची बेटे मात्र वर्षभर दिसतात.

अचूकतेचे महत्त्व

ज्या घटनांत माणसे मृत्युमुखी पडली, त्यांच्या प्रतिकृतीत वाहनाचा प्रकार हा ऐतिहासिक पुराव्याचा भाग असतो. जांभूळखेड्याच्या दृश्यात कॅस्पिर किंवा आदित्य दाखवल्यास त्या पोलिसांना सुरुंगरोधक संरक्षण होते, असा चुकीचा समज होतो. ते संरक्षण नव्हते, हीच त्या घटनेतील मुख्य बाब आहे. याउलट भामरागडच्या २०१७ मधील घटनेत साधा ट्रक दाखवल्यास कवच असूनही वाहन स्फोटात सापडले, ही वस्तुस्थिती झाकली जाते.

संदर्भासाठी प्रसिद्ध झालेली वृत्तछायाचित्रे, प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची चित्रफीत आणि उत्पादकांची माहितीपत्रके उपयोगी पडतात. चिलखती वाहने प्रत्यक्ष पाहण्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालय हे महाराष्ट्रातील प्रमुख ठिकाण आहे. छावण्या आणि प्रतिबंधित जागांचे छायाचित्रण शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली गुन्हा ठरू शकते. तैनात दलांच्या वाहनांची स्वतः मापे घेणे किंवा त्यांच्या हालचाली टिपणे हे प्रतिकृतिकाराचे साधन होऊ शकत नाही.