आधी शॉकअप, मग स्प्रिंग

गाडी लोअर करायची ठरली की पहिली चौकशी स्प्रिंगची होते. शॉकअपचं नाव नंतर निघतं, कधी निघतच नाही. खरं तर ही जोडी आहे. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. दबलेली स्प्रिंग उसळते तेव्हा तिला आवरतो शॉकअप. आतला पिस्टन बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि उसळीचा जोर उष्णता होऊन तेलात जिरतो.

लोअरिंग स्प्रिंग आखूड असते आणि ताठही. चाकाला वर सरकायला जागा कमी उरते, तेवढ्यातच धक्का थोपवायचा असतो. मात्र ताठ स्प्रिंगची उसळीही जोरकस. मूळ शॉकअपला ती आवरत नाही. शिवाय त्याचा पिस्टन सतत खालच्या टोकाशी चालतो आणि शॉकअप बंप स्टॉप या रबरी ठोकळ्यावर आदळतो. म्हणून स्प्रिंग बदलली की तिच्या जोडीचा शॉकअपही हवाच. आहे तीच स्प्रिंग कापून घेणं तर सरळ धोक्याचं आहे, कापलेलं टोक बैठकीत धड बसत नाही.

आता किती खाली? तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिमी, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2450 मिमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंमी उंच. त्यावर चारही चाकं एकदम मावतात, त्यामुळे गाडीच्या पोटाखालची जागा फक्त 44 मिमी घटते. 40 मिमी खाली आणलेली स्विफ्टही तो ओलांडेल. पण ठाण्यात घोडबंदर रोडच्या आतल्या गल्ल्यांत किंवा डोंबिवलीत सोसायटीच्या दाराशी जो हातभर रुंद उंचवटा असतो, तो पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध येतो आणि त्याची सगळीच्या सगळी उंची पोटाला भिडते. हातात उरलेले 123 मिमी. त्यातून चार माणसांच्या वजनाने गाडी दबते तेही वजा करा. कल्याण-शीळ रस्त्यावर पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसतही नाही. माझ्या मते इथे 25 मिमीच्या पलीकडे जाऊच नये. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट न चुकता करावी, नाहीतर टायर आतल्या कडेने झिजतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांना मर्यादा घालतं, आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा आरटीओत आधी विचारा.

जुनी गाडी वळणावर झुलते म्हणून लोअर करायला निघाला असाल, तर चारही शॉकअप तपासून घ्या. तेल पाझरत असेल तर मूळ मापाचे नवे बसवून महिनाभर गाडी चालवा, आणि मगच स्प्रिंगचं ठरवा.