दगडावर रेखाटलेला सैतान

पंख पसरलेला, नखे वाढलेला एक सैतान रात्रीच्या शहरावरून उडतो आहे आणि खाली अंधारात चर्चचे मनोरे उभे आहेत. एझेन देलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराचे हे शिळाछाप चित्र गटे या जर्मन कवीच्या ‘फाउस्ट’ नाटकासाठी काढलेले आहे. नाटकाचा आल्बेर स्तापफेरने केलेला फ्रेंच अनुवाद शार्ल मोतने १८२८ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध केला. त्यात नाटकातल्या प्रसंगांची सतरा चित्रे होती, शिवाय गटेचे व्यक्तिचित्र. उडणारा हा सैतान, मेफिस्टोफेलीस, त्या मालिकेतला पहिलाच. देलाक्रवाला हा विषय लंडनमध्ये गवसला. १८२५ मध्ये तिथे त्याने ‘फाउस्ट’वर बेतलेला नाट्यप्रयोग पाहिला होता.

शिळाछाप तेव्हा नवी होती. आलोइस झेनेफेल्डरने ती अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस बव्हेरियात शोधून काढली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्यावर तिचा सगळा कारभार चालतो. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढायचे, त्यावर डिंक आणि सौम्य आम्ल लावायचे, मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवायचा. ओला दगड शाई झटकतो, खडूची रेघ ती धरते. आपल्याकडे पोथ्या छापणाऱ्या शिळाप्रेसची रीतही हीच.

छापील चित्र दगडावरच्या चित्राच्या उलट येते, ही एक अडचण. पण फायदा त्याहून मोठा. एरवी चित्रकाराने काढलेले चित्र लाकडावर किंवा तांब्यावर बहुधा दुसराच कारागीर कोरत असे. इथे कोरणारा मध्ये येत नाही. खडूचा दाब, हाताची घाई, सगळे कागदावर उतरते. देलाक्रवाने तर दगडाचा भाग काळाकुट्ट करून त्यावर टोकदार पात्याने खरवडून उजेड काढला. त्याची रात्र इतकी दाट दिसते ती त्यामुळे.

काही दगडांच्या कडेला त्याने गंमत म्हणून घोडे, सिंह, माणसांची डोकी रेखाटली होती. पुस्तकासाठी छापण्यापूर्वी ती पुसली गेली. म्हणून ही रेखाटने असलेल्या सुरुवातीच्या प्रतींवर संग्राहकांचा जीव असतो.

१८२६ मध्ये, सत्याहत्तराव्या वर्षी, गटेने यांतली काही चित्रे पाहिली. आपण कल्पिलेल्या प्रसंगांच्याही पुढे हा चित्रकार गेला आहे, असे त्याने आपला मदतनीस एकरमान याच्याजवळ कबूल केले. पॅरिसला मात्र ती चमत्कारिक वाटली. पुस्तक फारसे खपले नाही, चित्रांची टिंगल झाली. त्यांच्यामुळेच आपण ‘कुरूपपंथी’ चित्रकारांचे म्होरके ठरलो, असे देलाक्रवाने १८६२ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, एका पत्रात लिहिले.