कार्लोव्ही व्हारीचा उष्णोदक-चौक

चेक प्रजासत्ताकातील कार्लोव्ही व्हारी (पूर्वीचे कार्ल्सबाड) येथे तेप्ला नदीच्या काठी सुमारे ७३ अंश सेल्सियसचे उष्णोदक १२ मीटरपर्यंत उसळते. चौथ्या चार्ल्सने १३७० मध्ये या गावास विशेषाधिकार दिले. तेव्हा उपचार अवगाहाचा. रुग्ण त्वचा फुटेपर्यंत तासन् तास पाण्यात बसत! १५२२ मध्ये वैद्य पायेर यांनी पानाचाही पुरस्कार केला. मग पिण्यातही अतिरेक झाला.

अठराव्या शतकात डेव्हिड बेखर या वैद्याने पाण्याचे रासायनिक पृथक्करण केले, मात्रा आटोक्यात आणली आणि खोलीत न पिता झऱ्याजवळच, फिरत फिरत प्यावे असा आग्रह धरला. चौकाला आजचे रूप आले ते यातून. फिरणाऱ्या रुग्णांस आडोसा हवा, म्हणून स्तंभमंडप आले. येथील १८७९ चा लोखंडी मंडप १९३९ मध्ये उतरविला गेला. सध्याची काच-काँक्रीटची वास्तू १९७५ ची.

औषधी दुकानदारांस जवळचा भाग पुढेच आहे. बेखर यांच्याच काळात पाणी आटवून मीठ काढू लागले. पुढे युरोपीय औषधकोशांत कृत्रिम कार्ल्सबाड मीठही आले. त्यातील सोडियम सल्फेट रेचक खरे. परंतु झऱ्याची उष्णता, वायू, घोट घोट पान आणि चंक्रमण पुडीत कसे यावे? आमच्या मते पुडीत द्रव्य आले, कल्प चौकातच राहिला. तेथे रुग्ण आजही तोटीच्या चिनी मातीच्या पेल्यातून वैद्याने सांगितलेल्या मात्रेनेच पाणी घेतात.