नळ वस्तीपर्यंत न्यायचा, खर्च कोणी किती द्यायचा?

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात कुरुंदा हे मोठे गाव आहे. अशी गावे बहुधा रस्त्याच्या कडेने वाढतात. शेतजमिनीचे प्लॉट पडतात, घरे उभी राहतात आणि मग प्रश्न येतो: गावातली जलवाहिनी नव्या वस्तीपर्यंत न्यायची, तर खर्च कोणी सोसायचा? वसमतमध्ये हा प्रश्न नगरपालिकेपुढे येतो, कुरुंद्यात ग्रामपंचायतीपुढे. त्यामागचे गणित मात्र एकच आहे आणि ते आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनाही सोडवता येते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाण्याच्या टाकीपासून एका सरळ रस्त्यावर तीन नव्या वस्त्या आहेत. ५०० मीटरवर 'अ' वस्ती, तिथे ५० घरे. १,००० मीटरवर 'ब', तिथे ३० घरे. २,००० मीटरवर 'क', तिथे २० घरे. खोदाईसह वाहिनीचा खर्च मीटरला १,००० रुपये मानू. एकूण खर्च २० लाख रुपये झाला.

दोन वाटण्या

पहिली वाटणी सोपी: सर्वांना समान. शंभर घरांना प्रत्येकी २०,००० रुपये. पण 'अ' वस्तीचे लोक म्हणतील, "आमच्यापुरती वाहिनी टाकली तर ५ लाखांत काम होते. घरटी १०,०००च पडतात. मग दुप्पट का द्यायचे?" त्यांचे म्हणणे चुकीचे नाही.

दुसरी वाटणी टप्प्यांची. जो टप्पा जे वापरतात, त्यांनीच त्याचा खर्च वाटून घ्यायचा. पहिला टप्पा शंभर घरे वापरतात, म्हणून घरटी ५,०००. दुसरा टप्पा 'ब' आणि 'क'ची ५० घरे वापरतात, म्हणून घरटी १०,०००. शेवटचा टप्पा फक्त 'क'ची २० घरे वापरतात, म्हणून घरटी ५०,०००. आता 'अ'ला ५,०००, 'ब'ला १५,००० आणि 'क'ला ६५,००० रुपये पडतात. स्वतंत्र वाहिनी टाकली असती, तर हेच आकडे अनुक्रमे १०,०००, सुमारे ३३,३०० आणि १,००,००० झाले असते. म्हणजे एकत्र येण्यात प्रत्येकाचा फायदा आहे.

अमेरिकन गणिती लॉइड शॅपली यांनी १९५३ मध्ये अशा सामाईक व्यवहारांतला वाटा ठरवण्याची एक सर्वसाधारण रीत मांडली. २०१२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७३ मध्ये लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी दाखवले, की विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च लहान-मोठ्या विमानांत वाटताना शॅपलींची रीत टप्प्यांच्या वाटणीशी तंतोतंत जुळते. आपली जलवाहिनी गणिताच्या दृष्टीने त्या धावपट्टीसारखीच आहे.

गणित जिथे थांबते

पण 'क' वस्तीत राहते कोण? आपल्याकडे गावाच्या टोकाला बहुधा मजुरांची, दलितांची घरे असतात. टाकीपासूनचे ते अंतर त्यांनी हौसेने निवडलेले नसते. ज्यांची मिळकत सर्वांत कमी, त्यांना ६५,००० रुपये मागणे हिशेबाने बरोबर असले, तरी त्यातून नळ मिळणार नाही. शिवाय घर्षणामुळे वाहिनीतला दाब अंतरानुसार घटत जातो. सर्वांत जास्त पैसे देणाऱ्या 'क'लाच पाणी शेवटी आणि कमी दाबाने येईल. म्हणून काही वाटा सार्वजनिक निधीतून यावा लागतो.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि गावांतर्गत कामाच्या भांडवली खर्चात १० टक्के लोकवर्गणीची तरतूद केली. डोंगराळ व वनक्षेत्रातील गावांत, तसेच निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जाती-जमातींची असलेल्या गावांत हे प्रमाण ५ टक्के ठेवले. वर्गणी रोख, वस्तुरूपाने किंवा श्रमदानाने देण्याची मुभा दिली. हाच १० टक्क्यांचा नियम आपल्या उदाहरणाला लावला, तर टप्प्यांच्या रीतीने 'क'चा वाटा घरटी ६,५०० होतो आणि समान वाटणीने २,०००. वाद उरतो, पण आवाक्यात येतो. मात्र ५ टक्क्यांची सवलत ठरते ती पूर्ण गावाच्या लोकसंख्येवरून. मोठ्या गावातल्या एखाद्या गरीब वस्तीला ती आपोआप मिळत नाही. तिथे ग्रामसभेलाच विचार करावा लागतो.

उद्या येणाऱ्यांचे काय?

नवी वस्ती एका दिवसात भरत नाही. आज दहा घरे आहेत म्हणून बारीक नळी टाकली, तर उद्या शंभर घरांसाठी सगळा रस्ता पुन्हा खोदावा लागतो. पाइपांच्या हिशेबात वापरल्या जाणाऱ्या हेझन-विल्यम्स सूत्रानुसार, उतार तोच ठेवून व्यास दुप्पट केला तर पाणी सुमारे सहापट वाहते. खोदाईचा खर्च मात्र फारसा वाढत नाही. म्हणून सुरुवातीलाच मोठी वाहिनी टाकणे शहाणपणाचे. पण तिचा भार पहिल्या दहा घरांवरच टाकणे अन्यायाचे. यावर उपाय असा, की मागाहून नळजोड घेणाऱ्याने आपल्या टप्प्यांचा वाटा भरावा आणि ती रक्कम आधी भरणाऱ्यांना परत मिळावी. त्यासाठी पहिल्या दिवसापासून नीट नोंदवही हवी.

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील टाकीपासून वस्त्यांची अंतरे पावलांनी मोजावीत, घरे मोजावीत आणि दोन्ही रीतींनी वाटणी काढावी. मग वर्गाचे तीन गट करून प्रत्येकाने एकेका वस्तीची बाजू मांडावी. अपूर्णांक आणि नागरिकशास्त्र हे दोन्ही धडे एकाच तासात होतील.