दोन गाड्यांच्या मधले पाच तास

सुगी आटोपली की आपल्याकडे यात्रेचे बेत सुरू होतात. मनमाडकडून परळी वैजनाथाला जायचे आणि थेट गाडी मिळाली नाही, तर परभणीला उतरून गाडी बदलावी लागते. मध्ये कधी चार तास मिळतात, कधी पाच. फलाटावर गाठोड्यांना टेकून बसायचे, की जीप ठरवून जवळपास काही पाहून यायचे? मुंबई बंदरात मोठ्या जहाजातून उतरणाऱ्या प्रवाशांपुढेही हाच प्रश्न असतो. कारण जहाज काय आणि आगगाडी काय, आपल्यासाठी थांबत नाही.

आमच्या घरची गोष्ट सांगते. सासूबाईंना परळीइतकीच ओढ गंगाखेडची होती. ते जनाबाईचे जन्मगाव. जात्यावर बसल्या की त्यांच्या तोंडी जनीचे नाव यायचेच. गोदावरीला आपण गंगा म्हणतो, त्या गंगेत पाय बुडवायचे एवढेच त्यांचे मागणे होते. आम्ही मात्र हावरटपणा केला. आधी पाथरी, मग पोखर्णी आणि शेवटी गंगाखेड असा बेत आखला. वाटेत उसाची ट्रॉली कलंडलेली. पुलाजवळ पोचलो, घड्याळ पाहिले आणि गाडी चुकेल या भीतीने जीप माघारी वळवली.

धापा टाकत परभणीला गाडी पकडली. तासाभरात ती एका स्टेशनात थांबली. सासूबाईंनी खिडकीतून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं सूनबाई, हेच ना गंगाखेड?" मला उत्तर सुचेना. पुढच्या वर्षी त्यांना उंबरा ओलांडवेना. गंगाखेड राहिले ते राहिलेच.

म्हणून सांगते, जाऊन परत यायचा बेत करू नका. परळीचा लोहमार्ग पोखर्णी आणि गंगाखेडवरूनच जातो. सामान जीपमध्येच घ्या, गाडीच्या पुढे निघा आणि तीच गाडी गंगाखेडला पकडा. परतीचे सुमारे 40 किलोमीटर वाचतात. मात्र गाडी गंगाखेडला थांबते का आणि किती वाजता, हे परभणीच्या चौकशी खिडकीवर विचारून मगच निघा. आरक्षण असेल तर चढायचे स्थानक आधीच गंगाखेड करून घ्या, नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

वेळेचा हिशेब शेवटाकडून करावा. समजा, गाडी गंगाखेडला पावणेदोनला येते. मग एक वाजता स्टेशनवर हजर राहायचे. त्याआधीचे दोन तास जनाबाईचे मंदिर, घाट आणि दशम्या सोडून जेवण यांसाठी. म्हणजे अकराला गावात पोचायला हवे. परभणीहून साडेआठला निघालात, तर वाटेत पोखर्णीच्या नृसिंहाचे दर्शन सावकाश होते. तिथल्या गाभाऱ्याचे दार ठेंगणे आहे, वाकून आत जावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वेळ द्या, मागून घाई करू नका. निघायला उशीर झाला, तर पोखर्णी सोडा, गंगाखेड सोडू नका.

जीपवाल्याशी भाडे आधी ठरवा, थांबण्याचे पैसे त्यातच धरा. जादा चाक आहे का, ते डोळ्यांनी पाहा. ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॉल्यांसाठी अर्धा तास जास्तीचा धरा. पावसाळ्यात गंगेला पाणी असेल तर घाटावर खाली उतरू नका, वरूनच हात जोडा. उन्हाळ्यात परभणीचे ऊन सोसत नाही, तेव्हा पाण्याची कळशी जवळ ठेवा. एवढे करूनही गाडी चुकलीच, तर गंगाखेडहून परळीला एस.टी. आहे, जीव टांगणीला लागत नाही.

हाताशी दोनच तास असतील, तर गावाबाहेर पडू नका. 1972 साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ परभणीतच आहे. 'परभणी मोती' ही रब्बी ज्वारी तिथलीच. कारभाऱ्यांना बियाण्याची चौकशी करता येईल. जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी आणि त्यापुढची चारठाण्याची हेमाडपंती मंदिरे पाहण्यासारखी आहेत, पण ती दुसऱ्या दिशेला आणि लांब. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढा.

आणि एक. बेत आखायला बसाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा, तुम्हाला काय पाहायचे आहे? त्या सांगतील ते ठिकाण पहिले लिहा. बाकीची नावे त्याखाली, आणि वेळ उरला तरच.