उन्हाळ्यासाठी पट्ट्यापट्ट्यांचा सुती रुमाल

मंडळी, खुटबावात भर उन्हाळ्यात सुयांवरच्या विणकामाविषयी बोलायचं म्हणजे तुम्हाला हसू येणारच. सुया म्हटलं की लोकर, स्वेटर, बाळाचं टोपडं. पण एप्रिलात कांदा काढायला जाणाऱ्या बाईच्या डोक्याला काय असतं? पदर, नाहीतर बाजारातला गुळगुळीत पॉलिएस्टरचा स्कार्फ. तो पाणी धरत नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करते. नुसतं ऊन अडवायला मागावरचं घट्ट कापडच सरस. मराठीत आपण मागावरही विणतो आणि सुयांवरही विणतो, घोटाळा तिथूनच सुरू होतो. मागावर उभे-आडवे धागे असतात. सुयांवर एकात एक अडकवलेले फासे. फाशांतून ऊन थोडं आत येतं, पण पाणी भरपूर राहतं. आपल्याच रेल्वेमार्गावर पुढे सोलापूर आहे, तिथल्या टर्किश टॉवेलवर फासे उभे करतात तेही याचसाठी. एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता ओढून नेतं. ओला रुमाल मानेला गार लागतो तो यामुळे. हे जमतं, कारण इथली हवा कोरडी. कोकणात तो नुसता ओलाच राहील. आणि चक्कर, मळमळ सुरू झाली तर रुमालावर विसंबायचं नाही, काम सोडून सावली गाठायची.

आता वीण. मध्यम जाडीचा सुती दोरा, दोन रंग, 8 नंबरच्या सुया. चार टाके घाला. प्रत्येक ओळीत दोन टाके सुलट, मग दोरा सुईवर घेऊन एक टाका वाढवा, उरलेले सगळे सुलट. उलट टाका कुठेच नाही. या विणीत दोन ओळींची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीइतकी भरते, म्हणून कोपरा आपोआप काटकोनी होतो. 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाके बसत असतील, तर 160 टाक्यांना लांब बाजू 80 सेंटिमीटर होते. डोक्याला बांधायला पुरते.

पट्टे दोन-दोन ओळींचे ठेवा. दोन ओळी झाल्या की दोरा परत त्याच काठाला येतो. तोडायचा नाही, गाठ नाही. दुसरा रंग काठाने वर घेताना सैल सोडा, ओढलात तर काठ गोळा होतो. एका बाजूला पट्टे स्वच्छ दिसतील, दुसरीकडे रंग तुटक. तुटक बाजू आत.

दोऱ्याचा अंदाज इथं हमखास चुकतो. निम्म्या उंचीला पोचलात की वाटतं, निम्मा दोरा संपला. नाही हो! जेमतेम पाव संपलेला असतो, कारण ओळी लांब लांब होत जातात. निम्मं काम होतं ते 113 टाक्यांच्या आसपास. तिथं उरलेला दोरा वापरलेल्यापेक्षा कमी दिसला, तर रुमाल थोडा लहान करा.

शेवटी टाके बंद करताना हात सैल. सुताला लोकरीसारखा ताण नसतो. माझा पहिला रुमाल इथंच वाया गेला. लांब काठ इतका आवळला, की डोक्याभोवती येईना. शेवटी तो ताक घुसळायच्या रवीखाली ठेवायला गेला. तेव्हापासून बंद करायला एक नंबर जाड सुई, म्हणजे 7 नंबरची, घेते. सुयांचा नंबर जाडीबरोबर उतरतो, हे दुकानात लक्षात ठेवा.

आणि लाल-पांढरा करणार असाल, तर विणण्याआधी लाल दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा.